जड जेवणानंतरचे जर्मन चहा: कुठला घ्यावा आणि कुठला शेल्फवरच राहू द्यावा

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे घाईतले लोक सुटले. जेवण जड झालं की पोट फुगतं, गच्च वाटतं, वारा अडकल्यासारखा वाटतो असा तुमचा त्रास असेल तर फेंशेल-अनीस-क्युमेल घ्या, म्हणजे बडीशेप, अनीस (बडीशेपेसारखेच गोडसर दाणे) आणि क्युमेल (शहाजिऱ्याच्या जवळचे दाणे) या तिघांचा चहा, आणि शक्यतो ज्याच्या पाकिटावर आर्त्सनायटे, म्हणजे औषधी चहा, लिहिलंय तोच घ्या. छातीत जळजळ होत असेल तर पुदिन्याच्या डब्याला हात लावू नका. आणि यातला कुठलाही घेतलात तरी कपावर झाकण ठेवा, निदान दहा मिनिटं. झालं. आता ज्यांना वेळ आहे त्यांनी पुढे वाचा.

आम्ही राहतो स्टुटगार्टजवळ. इथे ऑक्टोबर ते डिसेंबर म्हणजे पोटाची लागोपाठ परीक्षा असते बघा. दिवाळीचा फराळ, आणि इथे तर चार घरं म्हणजे चारही घरी 'अगं थोडं तरी घे, मी स्वतः केलंय', त्यामुळे चकली-चिवडा-करंजी पोटात जाऊन बसलेली असते, ते निस्तरतंय तोवर ११ नोव्हेंबरचा मार्टिनचा सण येतो आणि ऑफिसची टीम हंसाची तंगडी खायला घेऊन जाते, बरोबर लाल कोबी, बटाट्याचे बॉलएवढे क्नोडेल आणि वर तो तपकिरी रस्सा. शाकाहारी आहात म्हणून सुटाल असं समजू नका, तुमच्यासाठी केझेश्पेट्झ्ले आहेच, चीजमध्ये बुडवलेले अंड्याच्या पिठाचे तुकडे आणि वरून तळलेला कांदा. मग ख्रिसमस. मधे महाराष्ट्र मंडळाचा एखादा कार्यक्रम असला तर बासुंदीपण.

इथली माणसं यावर उपाय म्हणून श्नाप्सचा, म्हणजे कडक दारूचा, छोटा ग्लास मारतात, जडीबुटीवाली लिकर पण चालते, 'पचायला बरी' म्हणून. आमच्या ह्यांना हा उपाय फार पटलाय, का ते सांगायला नको. पण झ्युरिकच्या डॉक्टरांनी यावर खरंच प्रयोग केलाय, २० धडधाकट माणसांना चीज फॉन्ड्यू, म्हणजे वितळवलेलं चीज, खायला घातलं, बरोबर कधी व्हाइट वाइन दिली कधी काळा चहा, वरून कधी श्नाप्स कधी साधं पाणी, आणि पोट किती वेळात रिकामं होतं ते मोजलं. दारू जितकी जास्त तितकं पोट हळू रिकामं झालं. २०१० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या ख्रिसमस अंकात आलं होतं ते. आता त्यात हेही होतं की पोटाच्या तक्रारी दोन्हीकडे सारख्याच होत्या, त्यामुळे श्नाप्सने त्रास वाढतो असंही म्हणता येणार नाही, पण पचन लवकर होतं ही समजूत मात्र गेली. ह्यांना लेख दाखवला तर म्हणाले तक्रारी सारख्याच आहेत ना मग झालं तर. असो.

तर चहा. यातला सगळ्यात स्वस्त म्हणजे द्रोगेरीत, म्हणजे साबण-शाम्पूच्या दुकानात, मिळणारा दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडचा फेंशेल-अनीस-क्युमेल, पंचवीसेक बॅगा दीड युरोच्या आत. वास छान, चव गोडसर, पोरं पण पितात. पण एकदा एक बॅग फाडून बशीत रिकामी करून बघा. आत बारीक हिरवट-तपकिरी भुगा असतो, जवळजवळ रांगोळीसारखा, त्यात बडीशेप कुठली आणि देठ कुठला ते कळत नाही. आणि डबा उघडून महिना झाला असेल तर वासपण अर्धा गेलेला असतो. कारण सोपं आहे, या सगळ्या मसाल्यांचं काम त्यांच्या आतल्या तेलाने होतं आणि ते तेल हवेत उडून जाणारं असतं. दाणा अख्खा असेपर्यंत तेल आत बंद असतं, दळला की पसार व्हायला लागतं. आपण गरम मसाला थोडा थोडा का कुटतो, तेच हे. म्हणजे हा चहा वाईट आहे असं नाही, संध्याकाळी टीव्हीसमोर काहीतरी गरम प्यायला एकदम मस्त, पण हंसाच्या तंगडीनंतर एका बॅगेवर भिस्त ठेवू नका. मी पाचपैकी तीन देईन, आणि त्यातला एक किमतीचा.

आता आर्त्सनायटे. हा प्रकार नवीन आलेल्या लोकांना माहीतच नसतो कारण डबा दिसायला तसाच, रॅकही बऱ्याचदा शेजारचाच. पण इथे कायद्याने तो औषधात मोडतो. डब्यावर परवान्याचा किंवा नोंदणीचा नंबर असतो, कशासाठी घ्यायचा ते लिहिलेलं असतं (पोट फुगणं, वात, हलक्या कळा वगैरे), किती घ्यायचा, किती वेळ झाकून ठेवायचा, कोणी घेऊ नये हे सगळं असतं, आणि मुख्य म्हणजे आतल्या मालाला फार्माकोपियाचं, म्हणजे औषधांचा दर्जा ठरवणाऱ्या अधिकृत ग्रंथाचं, मोजमाप लागू असतं. युरोपच्या फार्माकोपियात कडू बडीशेपेत किलोमागे कमीत कमी ४० मिली तेल असलं पाहिजे असं आहे, गोड बडीशेपेला २० मिली. साध्या चहाला असं बंधन नसतं. किंमत दुप्पट-तिप्पट असते पण मी घेतलेल्यात प्रत्येक बॅग वेगळ्या बंद पुडीत होती आणि पुडी फाडली की वास नाकात जायचा, तिथेच फरक कळला. साडेचार.

पण खरी चैन हवी असेल तर अपोथेकेत, म्हणजे औषधांच्या दुकानात, जा आणि सुटी बडीशेप मागा, किंवा तिघांचं मिश्रण. काउंटरवरची बाई विचारते, ठेचून देऊ का अख्खी? अख्खी घ्या. घरी खलबत्ता असतोच आपल्या, पिण्याआधी एक चमचाभर घालून दोन-चार दणके द्यायचे, पीठ करायचं नाही, नुसते दाणे फुटले पाहिजेत. युरोपियन मेडिसिन्स एजन्सीचं माप आहे दीड ते अडीच ग्रॅम ताजी ठेचलेली बडीशेप, पाव लिटर उकळतं पाणी, १५ मिनिटं, दिवसातून तीनदा. पंधरा मिनिटं वाचून मला आधी वाटलं काहीतरीच, तोवर गार होईल की. होत नाही, जाड मग घ्या आणि वर बशी ठेवा. मग बशी उचललीत की तिच्या खालच्या बाजूला थेंब जमलेले दिसतील, त्यांचा वास घेऊन बघा, चहापेक्षा बडीशेपेचा वास त्या थेंबांना जास्त येतो. ते बेसिनमध्ये झटकू नका, परत मगात झटका. झाकण न ठेवता प्यायलात तर घरभर छान वास येईल आणि पोटाला मिळेल रंगीत पाणी.

चवीचं बोलायचं तर क्युमेलची चव आपल्या लोकांना लगेच आवडत नाही हे खरंय. नवीन आलेली मंडळी जिरं समजून तेच आणतात आणि मग आमटीला पावाचा वास का येतो म्हणून डोकं खाजवतात. जिरं नव्हे ते, शहाजिऱ्याच्या जवळचं. इथे ते आंबट कोबीत, राय ब्रेडमध्ये, डुकराच्या रोस्टवर सगळीकडे असतं आणि का असतं ते आपल्याला समजावून सांगायला नको, आपण नाही का वालाच्या उसळीत हिंग आणि भज्यात ओवा घालत. इथे पुदिन्याचं तेल आणि क्युमेलचं तेल एकत्र करून पोट गच्च होणाऱ्यांसाठी कॅप्सूलपण मिळतात, म्हणजे आजीबाईचा बटवा म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही ही. चव नाहीच झेपली तर क्युमेल कमी आणि बडीशेप जास्त असं मिश्रण करून घ्या, अपोथेकेवाले करून देतात.

हे सगळं करून होतं काय? आतड्याचा ताण सैल होतो, अडकलेला वारा सरकतो, मोकळं वाटतं. बस. यातला कुठलाही चहा तूप किंवा चीज 'विरघळवत' नाही, चरबी 'कापत' नाही, डब्यावर कितीही सपाट पोटाचा फोटो असला तरी. चरबी पचायला वेळ लागतोच, तो वेळ जरा सुसह्य होतो एवढंच. आणि खरं सांगू का, मगभर गरम पाणी घेऊन वीस मिनिटं शांत बसलो आणि 'अजून एक करंजी' म्हणायचं थांबलो याचाही यात वाटा असणारच.

पुदिना. म्हणजे फेफरमिंत्से. सगळ्यात लोकप्रिय, हॉटेलात चहा मागितला तर बऱ्याचदा हाच समोर येतो. आपल्या चटणीच्या पुदिन्यापेक्षा हा जास्त झणझणीत, मेंथॉल जास्त असतं याच्यात. पोट फुगलंय, कळ येतीये तर उत्तम, आणि प्यायल्यावर दोन मिनिटांत ताजंतवानं वाटतं ते वेगळंच. पण ज्यांना आंबट पाणी वर येतं, रात्री आडवं झालं की घशाशी येतं, त्यांच्यासाठी हा चुकीचा चहा आहे. मेंथॉल स्नायू सैल करतं आणि अन्ननलिका आणि पोट यांच्यामधली झडपही स्नायूचीच, तीपण सैल पडते, मग जे खाली राहायला हवं ते वर येतं. म्हणजे लोक जळजळीवर 'थंड' म्हणून पुदिना पितात आणि जळजळ वाढवून घेतात. पित्ताचे खडे असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. ज्यांना जळजळ नाही त्यांच्यासाठी माझे चार.

कामिलेबद्दल, म्हणजे कॅमोमाइलबद्दल, माझं मत जरा वेगळं आहे आणि इथल्या लोकांना ते आवडणार नाही. कुणाला काहीही झालं, पोट दुखलं, सर्दी झाली, झोप नाही आली, की जर्मन माणूस कामिलेचा चहा करून आणतो. मला तो गवत उकळल्यासारखा लागतो. जेवणानंतर पोट बिघडल्यासारखं, हुळहुळं झालं असेल तेव्हा बरा, गच्चपणाला फारसा उपयोग मला तरी जाणवला नाही. शेवंतीच्या कुळातलं फूल आहे हे, तेव्हा शेवंती-झेंडू जवळ आले की शिंका आणि पुरळ सुरू होणाऱ्यांनी जपून. अडीच.

आल्याचा, म्हणजे इंग्वर लिहिलेला. बॅगेतला घेऊच नका, बऱ्याचदा लिंबाचा फ्लेवर टाकून गोड वास केलेला असतो, आल्याचा पत्ता नाही. भाजीवाल्याकडून आल्याचा तुकडा आणा, चार चकत्या करा, उकळा. मळमळ होत असेल, अन्न वरच्या वर बसल्यासारखं वाटत असेल तर बडीशेपेपेक्षा आलं जास्त कामाचं, कारण ते पोटातलं अन्न पुढे ढकलायला मदत करतं. पण पोटात आधीच आग असेल तर त्यात तेल. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी घोटभर चहाची काळजी करू नका पण रोज मगच्या मग रिचवायचे असतील तर विचारून घ्या.

आता ज्या डब्यांवर मला खरंच बोलायचंय ते म्हणजे मसालेवाले 'आयुर्वेदिक' चहा. कमळाचं चित्र, मांडी घालून बसलेली गोरी बाई, संस्कृतसारखं दिसणारं नाव, किंमत साध्याच्या तिप्पट. चव चांगली असते हं, दालचिनी, वेलची, आलं, बडीशेप, आणि साखर नसून इतका गोड कसा म्हणून आपण खूश. तो गोडवा ज्येष्ठमधाचा असतो. मागच्या वर्षी आमच्या अहो आई आल्या होत्या दिवाळीला, बीपीच्या गोळ्या चालू, आणि त्यांना हा चहा भलताच आवडला. 'अगं हा बिनसाखरेचा गं, डायबेटिसलापण चालेल' म्हणून सकाळ-दुपार-संध्याकाळ. मी डबा उलटा करून वाचला तर घटकांमध्ये तिसऱ्या नंबरला झ्यूसहोल्त्स, म्हणजेच ज्येष्ठमध, आणि तळाला मुंगीएवढ्या अक्षरात ओळ की रक्तदाब जास्त असेल तर जास्त प्रमाणात घेऊ नये. ज्येष्ठमधात ग्लिसिरायझिन असतं, ते शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम कमी करतं आणि बीपी वाढवतं. युरोपात ठराविक प्रमाणाच्या वर असेल तर ही सूचना छापावीच लागते, म्हणून निदान वाचायला तरी मिळाली. अहो आईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या 'ज्येष्ठमध काय, आम्ही लहानपणापासून चघळतो', आता यावर काय बोलणार. शेवटी तो डबा वरच्या फळीवर गेला आणि त्यांना ठेचलेली बडीशेप देत राहिले. बीपी नसेल आणि कधीतरी एक कप असेल तर काही बिघडत नाही, पण किमतीच्या मानाने मी दोनच देईन.

आणि ते 'डिटॉक्स', 'स्लिम', 'नाइट क्लीन्झ' वगैरे नावांचे ऑनलाइन मिळणारे चहा असतात ना, त्यांच्या घटकांत सोनामुखी आहे का तेवढं बघा. असेल तर तो पचनाचा चहा नाही, तो जुलाबाचा चहा आहे. रात्री प्यायलात की आठ-दहा तासांनी पळापळ, आणि लोकांना वाटतं वा काय पोट साफ झालं. रोज घेतलात तर आतड्याला त्याचीच सवय लागते. याला शून्य, चर्चाच नाही.

थोडं लहान मुलं आणि गरोदर बायकांबद्दल, कारण मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा प्रश्न हमखास येतो. बडीशेपेत आणि अनीसमध्ये एस्ट्रॅगोल नावाचा पदार्थ थोडासा असतो, जास्त प्रमाणात बरा नाही असा संशय आहे, आणि युरोपियन एजन्सी चार वर्षांखालच्या मुलांना बडीशेपेचा चहा औषध म्हणून देऊ नका म्हणते. मोठ्यांनाही सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त नको. इथल्या आज्या बाळांना सर्रास पाजायच्या, आपल्याकडे बाळंतशोपा असतात, त्यावरून वाद घालायला मी बसलेली नाही, बाळाच्या डॉक्टरांना विचारा, आणि गरोदर असाल तर तुमच्या. जेवणानंतर चिमूटभर बडीशेप खाणाऱ्या मोठ्या माणसाने यात घाबरण्यासारखं काही नाही.

आणि तेलकट जेवलं की दर वेळी उजवीकडे बरगडीखाली दुखतं, पाठीत जातं, असं होत असेल तर चहा-बिहा बाजूला ठेवून सोनोग्राफी करून घ्या, तिथे खडे निघतात बऱ्याचदा.

ओवा राहिलाच. इथे सुपरमार्केटात मिळत नाही, इंडियन स्टोअरमध्ये मिळतो. माझ्या मते वाऱ्यावर यातल्या कुठल्याही डब्यापेक्षा ओवा जलद काम करतो, त्यातल्या थायमॉल नावाच्या पदार्थामुळे, पण तिखट-कडवट, आणि पाहुण्या जर्मनांना दिलात तर ते पिझ्झाचा वास येतोय म्हणतात (चूक नाही त्यांचं, पिझ्झावरच्या ओरेगॅनोमध्येही तेच थायमॉल असतं). मी अर्धा चमचा ओवा, एक चमचा ठेचलेली बडीशेप, किंचित सैंधव असं करते, झाकून, आणि गाळून. पाहुण्यांसाठी ओवा गाळायचा, म्हणजे वगळायचा, घरच्यांसाठी ठेवायचा.

पुण्या-मुंबईहून काहीजणींनी विचारलं होतं की हे जर्मन डबे तिकडे ऑनलाइन दिसतात, मागवू का. अजिबात नको, पाचशे-सातशे रुपये देऊन तुम्ही वीस पुड्या बडीशेपेचा भुगा घेणार. वाण्याकडून शंभर ग्रॅम बडीशेप आणा, पण मुखवासाची साखर लावलेली किंवा भाजलेली नको, साधी कच्ची, आणि जमलं तर लखनवी नको, तिचा दाणा बारीक आणि गोड असतो, खायला ती छान पण चहाला जाड दाण्याची जास्त उतरते असा माझा अनुभव. काचेच्या घट्ट बरणीत, अख्खी, उन्हापासून लांब. क्युमेलच्या जागी शहाजिरं अगदी थोडं. इकडे राहणाऱ्यांनी मात्र अपोथेकेत शनिवारी दुपारी जाऊ नका, बरीचशी एक-दोन वाजता बंद होतात आणि रविवारी फक्त आळीपाळीची ड्युटीवाली उघडी असतात, ती चहासाठी ड्युटीचा जादा आकार लावतात वर. फराळाच्या आधीच्या आठवड्यात आणून ठेवा.